विहिरीपाशी बसलेली बाई

गंगावेस, कोल्हापूर
ता. ६ नोव्हेंबर १९२१

सौ. शांतव्वा हिला,

मेहमुदाचा सलाम. तुमच्या लिंगायतांत नमस्काराला शरणार्थी म्हणतात, ते पण घे. इकडं मी, सुगरा आणि सासू खुशाल हाय. सासूचं गुडघं तेवढं थंडीनं धरल्यात. तिकडची खुशाली लिहीत जा, अशी ओळ इथं घालायची रीत हाय. ती मी घालत न्हाय. का, ते पुढं येतंय.

अक्षर बघून दचकू नको, माझंच हाय. महाराजांनी शाळा सक्तीची केली ती पोरांसाठी. पण पोरगी घरात मोठ्यानं घोकाय लागली की आईच्या कानाला काय कुलूप घालणार? सुगराच्या पाटीवर तिच्या मागनं गिरवत दोन सालात शिकले. बोलते तशीच लिहिते. शुद्धबिद्ध मला येत न्हाय.

तुझं कार्ड पोचलं. तुझी गंगव्वा चित्रं बघायला रडती, म्हणून आपल्या लहानपणीचं चित्रगोष्टींचं बाड नेसरीला पाठव म्हणतीस. बाड हाय माझ्याजवळ. अब्बांनी बांधलेलं, निळ्या कापडाच्या पाठीचं. खळीत मोरचूद घातलेला, त्यामुळं कसर लागलेली न्हाय.

आठवतंय का गं? वकील लोक मासिकाचे वर्षाचे बारा अंक अब्बांकडं एकदम बांधायला टाकायचे. एका पानावर एक चित्र आणि खाली चार ओळी. अब्बांना अक्षरं येत नव्हती, पानांवरचे आकडे तेवढे कळायचे. आकडे लावून अंक शिवायचे आणि लाकडी दाबात घालायच्या आधी एक दिवस आपल्याला द्यायचे. खळीचे हात लावू नका, एवढीच अट. मी दहाची, तू अकराची. शेजारच्या धान्याच्या दुकानात पोत्यांच्या मागं आपण बसायचो. तू शाळेत चार महिने जाऊन आलतीस. मी विचारलं, वाचता येतं का? तू म्हणालीस, व्हय की.

तवापास्नं ठरलं. चित्र मी बघायचं, ओळी तू वाचायच्या. मी 'हं' म्हटल्याबिगर तू पान उलटायचं न्हाय. सहा सालं आपण असं वाचलं. हे बाड न्यायला त्याचा मालक आलाच न्हाय, म्हणून ते आपलं झालं, आणि आपण ते दरसाल पहिल्यापास्नं वाचायचो. हैबतराव किल्ल्यावरनं पडला की मी दरसाल रडायचे.

परवा दुपारी बाड काढलं. पाठवायच्या आधी एकदा आपल्या डोळ्यांनी वाचावं म्हटलं. आता माझी वाचायची तऱ्हा बदलली. चित्रावर मी कागद ठेवते आणि ओळीखाली बोट फिरवते, न्हायतर डोळा चित्राकडं पळतो आणि अक्षर राहतं. सुगराची तऱ्हा आणि वेगळी. ती मनातल्या मनात वाचती, एकटीच हसती, एकदा वाचलेलं परत हातात धरत न्हाय. आपण दोघी मिळून वाचायचो ते ती एका घटकेत उडवती.

तर मी बोट फिरवलं. त्यात हैबतराव कुठंच न्हाय, शांतव्वा. त्याचं नाव चंद्रसेन हाय. तो किल्ल्यावरनं पडत न्हाय, जाणूनबुजून उडी टाकतो. तू ज्याला त्याचा बाप म्हणायचीस तो म्हातारा बाप न्हाय, घोडेवाला हाय. मी म्हटलं, मलाच अजून धड वाचता येत न्हाय. सुगराला हाक मारली. तिनंबी चंद्रसेनच वाचलं.

मग ते विहिरीचं चित्र. बाई दोर हातात धरून काठावर बसलीय, आणि पुढच्या पानावर नवरा-बायको दोघं उभी. तू वाचायचीस, नवरा विहिरीत पडला, बाईनं बारा वर्षं वाट बघितली आणि एक दिवस नवरा आपण होऊन वर आला. वाट बघणारीचा माणूस येतोच, असं तू शेवटाला म्हणायचीस. मला ते इतकं आवडायचं की मी ते घोकून ठेवलंतं. छापलंय काय, सांगू? 'ती क्षणभरही थांबली नाही. दोर झाडास बांधून ती स्वतः विहिरीत उतरली आणि पतीस घेऊन वर आली.'

पहिल्यांदा मला हसू आलं. म्हटलं, शांतव्वानं पोरवयात थापा मारल्या, मारू देत. खरं सांगू, छापलेल्यापेक्षा तुझ्याच गोष्टी चांगल्या हाईत. पण वाचता येणारी बाई नाव कशाला बदलंल? मग तुझं कार्ड परत हातात घेतलं. तळाला बारीक अक्षरात लिहिलंय, 'लिहिणार गुरुपाद मास्तर'. आणि माझं हसू गेलं.

इथपर्यंत लिहून मी उठलेते. भाकरी थापल्या, सासूला जेवू घातलं, दुकानातली दोन पुस्तकं दाबात घातली. जे लिहायला बसले ते लिहायचं टाळत होते. आता लिहिते.

माझ्या नवऱ्याची पत्रं तूच वाचलीस ना.

तो लढाईत जीनं शिवायला बसऱ्याला गेला, तवा सुगरा तीन वर्षांची. अब्बांच्या दुकानात पुस्तकं बांधता बांधता तो अक्षरं शिकलाता. त्याला वाटायचं, बायकोची मैत्रीण शिकलेली हाय, काळजी न्हाय. मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी वाचून दिली असती, पण नवऱ्याचं बोलणं परक्या पुरुषाच्या तोंडून कसं ऐकायचं? तुम्ही तवा नेसरीला गेला नव्हता, म्हणून पत्र आलं की पदराखाली धरून मी शाहूपुरीत तुझ्या सासरी यायचे. तू दार लावून घ्यायचीस आणि वाचायचीस. काम चांगलं हाय. खजूर गोड हाय. सुगराला मुका. बोट मिळाली की येतो. उत्तर मी सांगायचे आणि तू म्हणायचीस, घरची कामं आटपून चांगल्या शाईनं लिहीन आणि टाकीन.

सात पत्रं हाईत. परवा पेटीतनं काढून सगळी वाचली. सुगराला जवळ येऊ दिलं न्हाय.

पहिली चार बसऱ्याची. तिसऱ्यात लिहिलंय, 'तुझे एकही उत्तर नाही. माझ्यावर रागावलीस काय?' चौथ्यातबी तेच. पुढची तीन बसऱ्याची न्हाईत, मुंबईची हाईत. जुलाबानं हाडं राहिली म्हणून बोटीनं आणून दवाखान्यात ठेवलेलं. पाचव्यात दवाखान्याचा पत्ता लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. सहाव्यात, 'पोरीला घेऊन ये. आगगाडीने दोन दिवसांत पोचशील. सोबतीला शेजारच्या कृष्णातला आण.' सातव्यात तीनच ओळी, आणि अक्षर वाकडं. 'खाटेजवळ स्टूल ठेवून घेतले आहे. कोणी बसले तर उठवतो. तू येशील म्हणून.'

ते सातवं तू कसं वाचलंस, आठवतंय? 'तब्येत झकास, ईदीला घरी.' मी गूळ वाटला होता.

पाचव्या आणि सातव्यात पाच आठवडे गेलेत. पाच आठवडे तो मुंबईत होता आणि मी गंगावेशीत शेवया वळत होते. मग सरकारी कागद घेऊन माणूस आला, त्यानं वाचलं, मुंबईत वारला. मी तुला विचारलं, तो मुंबईत कवा आला? तू म्हणालीस, 'आला असंल बोटीनं. तुझी गंमत करायची असंल.' तवा तुला कळलंतं, शांतव्वा. पत्रात काय असणार ते तुला त्या दिवशी कळलंतं, आणि तरीबी तू माझ्या गळ्यात गळा घालून रडलीस.

माझंबी एक हाय. लिहिते, न्हायतर मीबी तुझ्यासारखीच. सहावं पत्र तीन पानांचं होतं आणि तू ते चार वाक्यांत संपवलंस. मी ते बघितलंतं. बाकीचं काय लिहिलंय, असं तोंडावर आलंतं. पण विचारलं न्हाय. ऐकलेलं गोड होतं. तेवढा गुन्हा माझा. तो माझ्याजवळ राहील, तुझ्या वाट्याला घालत न्हाय.

पण तुझा तुला घ्यावा लागंल. तू एकदा म्हणायचं होतंस, 'मेहमुदे, मला येत न्हाय.' पोत्यामागं म्हणाली असतीस तर आपण दोघी हसलो असतो. सासरी दार लावून म्हणाली असतीस तर मी मौलवीसाहेबांकडं पळाले असते. लाज गिळून वाचून घेतलं असतं आणि त्या स्टुलावर जाऊन बसले असते. तुझी अब्रू राहावी म्हणून माझा माणूस माझी वाट बघत गेला. वैऱ्यानं केलं असतं तर मी बोटं मोडून मोकळी झाले असते. तुला काय करू?

बाड पाठवत न्हाय. गंगव्वाला शाळेत घाल. ज्या दिवशी ती आपल्या हातानं कार्ड लिहून बाड मागंल, त्या दिवशी मी स्वतः नेसरीला आणून देईन. तुला भेटणार न्हाय, पोरीच्या हातात देईन.

गुरुपाद मास्तर, हे तुम्हीच तिला वाचून दाखवणार, म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. एक शब्द गोड करू नका. एक ओळ गाळू नका. ती मधेच थांबवा म्हणाली तरी थांबू नका.

शांतव्वा, मास्तरांसमोर तुला लाज वाटंल. वाटू दे. आणि ते घरी गेल्यावर तुला एकटीला वाचता यावं म्हणून खाली एक चित्र काढलंय. माझा हात चांगला न्हाय, पण ओळखू येतंय. खाट हाय, खाटेवर माणूस हाय, शेजारी रिकामं स्टूल हाय. खाली चार ओळींची जागा कोरी सोडलीय. तिथं काय लिहिलंय ते तू वाच. तुला येतं.

तुझ्या शब्दावर बसून राहिलेली,
मेहमुदा
(लिहिणार मीच)