नोलाला नाकारलेली खोली

मी, व्हॅल्माय जोन टॅटनेल, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा बायकांचे केस कापणे व बसवणे (आता बंद), राहणार १४, केबल रस्ता, पोर्ट एलरी, टास्मानिया, हे लिहून ठेवते ते माझ्या राजीखुशीने, माझ्याच स्वयंपाकघरात बसून. यापूर्वी केलेली मृत्युपत्रं मी रद्द करते. माझ्या मागे उभं राहून कोणी मला हे सांगत नाही. मागे कोणी उभं असलंच, तर मालमत्तेबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नाही.

माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर अमरसेकरांनी मला तारीख विचारली, पंतप्रधान विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ती वजाबाकी मला शाळेतही येत नव्हती, तरी मी अठ्ठावन्नपर्यंत गेले. मग त्यांनी विचारलं, "मिसेस टॅटनेल, इतरांना दिसत नाही असं काही तुम्हाला दिसतं का?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी लिहिलं, "पेशंट शांत आहे, विचार सुसंगत आहेत." तो कागद सोबत जोडला आहे. पोटातल्या गाठीबद्दलचाही जोडला आहे, म्हणजे घाई का, हे कळेल.

१. घर. लाकडी, पत्र्याच्या छपराचं, आत तीन खोल्या आणि बाजूला एक, जिला वेगळं दार व वेगळा नळ आहे. चतुःसीमा: पूर्वेला केबल रस्ता व त्यापलीकडे रॉस हॅझलवुडचं घर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला चर्चचं कुंपण, दक्षिणेला नोला क्रिप्सची मोकळी जागा, जिथे आता वॉलाबी, म्हणजे छोटे कांगारू, चरतात. घरावर कर्ज नाही, बोजा नाही. हे घर मी पोर्ट एलरी वृद्ध निवास मंडळाला देते, या अटीवर की त्यात याच गावातली म्हातारी माणसं राहतील, पेन्शनीला झेपेल त्या भाड्यात, आणि मरेपर्यंत त्यांना कोणी हलवणार नाही. बाजूच्या खोलीची व्यवस्था पुढे लिहिली आहे. माझ्या वकील मिस ओडाउड या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक राहतील.

२. माझा भाचा डॅरन, राहणार मेलबर्न, याला बँकेत असेल ती शिल्लक आणि माझे पती डेस यांची होडी, जिच्यात तो लहानपणी दर वेळी ओकायचा. डॅरन, तू ईस्टरला फोनवर म्हणालास, "आत्या, तू मेलेल्या बाईशी बोलतेस असं लोक म्हणतात. आम्ही तुला चांगल्या ठिकाणी ठेवू." मी नोलाशी बोलत नाही. तीच बोलते. घर तुला का नाही, याचं कारण तुझ्यावरचा राग नव्हे. खालचं वाच म्हणजे समजेल. कोर्टात जायचं ठरवलंस तरी आधी वाच.

३. बाजूच्या दारावरची पाटी. मी धंदा सुरू केला तेव्हा कौन्सिलने सांगितलं की निवासी रस्त्यावर एवढी मोठी पाटी चालत नाही. डेसने ती करवतीने कापली. 'व्हॅल्मायकडे केस' एवढंच उरलं, 'सुंदर बसवून मिळतील' गेलं. तो कापलेला तुकडा मी पोर्ट एलरी कौन्सिलला देते. सभागृहात कुठेही लावावा. मापात बसतो.

४. बाजूच्या खोलीची हकीकत. ती खोली वारसाहक्काच्या नियमाने नव्हे, माझ्या इच्छेने जाईल, म्हणून ही हकीकत इथे असणं जरूर आहे.

डेसची पाठ गेली आणि त्याचं बोटीवरचं काम सुटलं, तेव्हा मी त्या खोलीत खुर्ची, आरसा आणि डोक्यावर घ्यायचा ड्रायर मांडला. कौन्सिलने नोटीस पाठवली: ही राहण्याची खोली आहे, इथे धंदा करता येणार नाही. तक्रार समोरच्या रॉसची होती. रस्त्यावर गाड्या लागतात, औषधांचा वास येतो. गाडी यायची एक, नोलाची, आणि तीही मोकळ्या जागेपलीकडच्या घरातून चालत येता येत असताना केवळ रॉसला दिसावी म्हणून. दोन उन्हाळे कागद फिरले, मग परवानगी मिळाली. खोलीचा वापर बदलून 'धंदा' असा लिहिला गेला.

नोला दर गुरुवारी दहाला यायची. तिचे केस पिसासारखे, रोलरमध्ये टिकायचे नाहीत. ड्रायरखाली बसली की ऐकू येत नसल्यामुळे मोठमोठ्याने बोलायची आणि गावाची सगळी गुपितं रस्त्यापर्यंत जायची. नवरा गेल्यावर तिने ठरवलं की आपली मोकळी जागा म्हाताऱ्यांच्या घरांसाठी द्यायची. सहा छोटी घरं, पायऱ्या नसलेली. गावातलं कोणी थकलं की त्याला होबार्ट शहरातल्या वृद्धांच्या संस्थेत न्यायचे, आणि ते परत यायचं ते पेटीतून. नोलाला हे मान्य नव्हतं.

सुनावणी सभागृहात झाली. रॉस तेव्हा कौन्सिलवर होता. तो म्हणाला, "ही कुटुंबांची वस्ती आहे. उद्या इथे ॲम्ब्युलन्सची रांग लागेल. रस्त्याचं रूप बदलेल."

नोला मागच्या बाकावरून म्हणाली, "रॉस, तू म्हातारा होणारच नाहीस का रे?"

लोक हसले. रॉस हसला नाही. प्रस्ताव एका मताने पडला, आणि त्याचं मत शेवटचं होतं.

पुढच्या हिवाळ्यात नोला अंगणात पडली, खुबा मोडला, आणि तिला होबार्टला नेलं. मी बसने जायचे. तिची खिडकी गाड्या लावायच्या आवाराकडे उघडायची. ती विचारायची, "व्हॅल, समुद्र कुठल्या बाजूला गं?" मी हात करून दाखवायचे. पलंगाखाली तिची तपकिरी बॅग भरलेली असायची. नर्सने कपडे कपाटात लावले की नोला दुपारी पुन्हा बॅगेत भरायची.

मी तिला म्हटलं, "माझ्याकडे ये. बाजूच्या खोलीत पलंग टाकते."

"कधी?"

"कौन्सिलचा कागद आला की."

त्या संस्थेला कागद हवा होता. राहण्यायोग्य जागा आहे असा दाखला असल्याशिवाय ते तिला सोडणार नव्हते. मी अर्ज घेऊन कौन्सिलच्या कचेरीत गेले. खिडकीपलीकडचा माणूस सभ्य होता. त्याने नकाशा उलगडला आणि म्हणाला, "बाई, या खोलीचा वापर धंद्याचा आहे. इथे कोणाला राहता येणार नाही."

मी म्हटलं, "तुम्हीच मला सांगितलं होतं की ही राहण्याची खोली आहे, धंदा करता येणार नाही."

"ते आधी. आता ती धंद्याची आहे. परत राहण्याची करायची तर स्वतंत्र दार आणि नळामुळे ते दुसरं घर धरलं जाईल, आणि या रस्त्यावर एका जागेत दुसरं घर चालत नाही."

"मग नळ काढून टाकते."

"त्यासाठी वेगळा अर्ज लागेल."

केला. डेस तेव्हा हयात नव्हता, म्हणून प्लंबर बोलावून नळही काढला. भिंतीला पिवळा रंग दिला, कारण नोलाला तो आवडायचा. प्रत्येक भेटीत ती विचारायची, "माझी खोली तयार झाली का?" मी सांगायचे, "होत आली." निकालाच्या तारखेआधी नोला गेली. अर्ज निकाली काढल्याचं पत्र आलं, कारण: अर्जदारास आता गरज उरलेली नाही.

नळ मी पुन्हा बसवून घेतला आणि धंदा चालू ठेवला. दुसरं काय करणार होते.

५. आता जे डॅरनने ऐकलं आहे ते.

दफनानंतरच्या गुरुवारी मी खोली झाडत होते. ड्रायर सुरू झाल्याचा आवाज आला. प्लग माझ्या हातात होता, वायर गुंडाळत होते. आवाज नोला बसायची तेवढा वेळ चालला आणि थांबला. खुर्चीच्या गादीवर बसल्याचा खड्डा होता आणि तो हळूहळू भरून आला. मी खुर्चीला पाठ न दाखवता बाहेर पडले आणि डेसच्या शेडमध्ये जाऊन बसले.

मग ती येतच राहिली. कधी केसांच्या औषधाचा वास, कधी पिवळ्या भिंतीशी कोणीतरी उभं असल्यासारखी हवा गार. पलंग जिथे येणार होता तिथेच. आणि प्रश्न. मोठ्याने, ड्रायरखालून बोलल्यासारखा. "माझी खोली तयार झाली का?" मी पाद्र्यांना सांगितलं, त्यांनी प्रार्थना केली, नोला थांबली नाही. मी केकसाठी साखर मोजत असते आणि तो आवाज भिंतीतून येतो. भीती आता वाटत नाही. पण उत्तर देता येत नाही, आणि त्याने माणूस आतून झिजतो.

पाद्र्यांशिवाय तेव्हा कोणाला सांगितलं नाही, तरी गावात पसरलं. बॅगेचं तर कोणालाच नाही.

गेल्या मार्चमध्ये रॉस दारात आला. बायको गेल्यापासून त्याचे केस कॉलरवर आले होते. न्हावी गावात उरलेला नाही. टोपी हातात धरून म्हणाला, "पुरुषांचे कापतेस का?"

"कापत नव्हते. बस."

गुरुवार होता. मी त्याच्या मानेवर कात्री चालवत होते. तो आरशात माझ्या मागे बघत होता. मग म्हणाला, "व्हॅल्माय, ती बाई थांबली आहे. आधी तिचं कर."

"कुठली बाई?"

"भिंतीशी. तपकिरी बॅग घेऊन." आणि बारीक आवाजात, "ही बॅग भरून कुठे निघाली आहे?"

मला मुळीच काही दिसत नव्हतं. इतक्या वर्षांत मला ती दिसलेली नाही, फक्त ऐकू आली. दिसली ती रॉसला. मी कात्री खाली ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं: होबार्टची खिडकी, दाखला, नळ, पिवळा रंग. अर्धे केस कापलेले, अर्धे तसेच, तो पूर्ण ऐकेपर्यंत हलला नाही. पैसे द्यायला विसरला. पुढच्या गुरुवारी पुन्हा आला, कापण्यासारखं काही नसताना.

६. कौन्सिलने गेल्या वर्षी नियम बदलला. आता अशा रस्त्यावरही बाजूच्या खोलीत कोणाही वृद्धाला ठेवता येतं. ज्यांनी बदलला त्यांना जुनं काही ठाऊक नाही. मी पुन्हा अर्ज केला आणि दाखला एका आठवड्यात ईमेलने आला. तो वाचून मी खूप वेळ चुलीशी उभी होते.

रॉस दोनदा पडला आहे. त्याच्या मुलाने घर विकायला काढलं आहे आणि होबार्टला त्याच संस्थेत जागा घेतली आहे. म्हणून बाजूची खोली, दाखल्यासह, मी रॉस हॅझलवुड याला हयातभर राहण्यासाठी देते. ही दया नव्हे, सूडही नव्हे. नोलाच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. त्याने तिथे झोपावं आणि त्याला जमतंय का बघावं.

७. हे कलम सहीच्या दिवशी हाताने लिहिलं आहे, मिस ओडाउड यांच्यासमोर.

ओडाउडबाईंनी आज समजावलं की डॅरन हरकत घेईल ती कलम पाचवरून. म्हातारीला भास होतात, असं म्हणेल. रॉस टेबलाशी बसला होता. तो म्हणाला, "मग साक्षीदार म्हणून मी सही करतो. मी पाहिलं आहे तिला."

ओडाउडबाई म्हणाल्या, "मिस्टर हॅझलवुड, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. तुम्ही सही केलीत तर खोलीवरचा हक्क जाईल."

"आणि सही न करता नुसतं सांगितलं तर?"

"तर कोर्ट विचारेल, खोली मिळणारा माणूस दुसरं काय सांगणार?"

रॉसने कलम सहा पुन्हा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मी म्हटलं, "सही दुसरं कोणीही करेल. बेकरीतल्या बाईला बोलावते. तू गप्प बस."

"बेकरीतल्या बाईने काही पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "नोलाची बहीण अजून वरच्या रस्त्यावर राहते ना? फे? तिच्याकडे वीस पायऱ्या आहेत."

"आहेत."

"तिला दे."

"आणि तू?"

"मी जातो होबार्टला. तिथे जागा घेतलेलीच आहे." मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तिची खिडकी कुठली होती?"

मी सांगितलं. तळमजला, आवाराच्या बाजूची, दारापासून दुसरी.

म्हणून कलम सहा मी रद्द करते. बाजूची खोली फे मारियन क्रिप्स (दोघी बहिणींनी दोन क्रिप्स भावांशी लग्न केलं होतं), वय त्र्याऐंशी, हिला हयातभर. माझी कात्रीही तिलाच, कारण ती स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःची झुलपं कापते आणि ते बघवत नाही. तिने माझ्या मरणाची वाट बघू नये, पलंग शनिवारी येतो आहे.

खोलीत नोला असेल हे फेला मी लगेच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. लहानपणी एकाच पलंगावर झोपायचो, सगळं पांघरूण तीच ओढायची."

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी खाली सही केली.

व्हॅल्माय जोन टॅटनेल
पोर्ट एलरी, गुरुवार, दिनांक १४ ऑगस्ट २०२५

साक्षीदार पहिला: चित्रा अमरसेकर, डॉक्टरांच्या पत्नी, राहणार पोर्ट एलरी. मिसेस टॅटनेल यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा, स्वहस्ते: या बाईने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीवर आहे. ती ज्या बाईबद्दल लिहिते, ती मी आरशात पाहिली आहे, आणि मला ओळखू आली होती. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही. रॉस एडविन हॅझलवुड, कौन्सिलचा माजी सदस्य, राहणार सोमवारपर्यंत ११, केबल रस्ता, पोर्ट एलरी. त्यानंतर होबार्ट, तळमजला, आवाराच्या बाजूची, दारापासून दुसरी खोली, मिळाली तर.