परत आणलेला नारळ

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ.

अकोल्याला जुनी सेडान पाहायला गेलो, तर पोरानं पूजेचा नारळ आधीच सोबत घेतलेला. नारळ पाहूनच विकणारा समजला, गिऱ्हाईक पक्कं आहे. गाडी चकाचक. मी म्हटलं, “डिक्कीतली स्टेपनी काढा.”

तो हसला. “काकू, बैलाचे दात पाहून राहिल्या का?”

“बैल खोटं बोलत नाही, बापा.”

स्टेपनीखाली वाळलेल्या काळ्या मातीचा थर. पुरात बुडाल्याशिवाय तिथं माती जाते का?

“माय, धुतलं का निघते,” पोरगा म्हणे. वायरींत शिरलेलं पाणी कसं धुणार? यात माझी नातवंडं बसणार होती. मी नाही म्हणजे नाहीच म्हटलं.

पोरगा वाटभर रुसून बसला. माझं चुकलं? मुळीच नाही. ती माती मी जन्मभर तुडवली आहे.

नारळाची चटणी केली. रुसलेल्यानं दोनदा मागून घेतली.