क्वेल्झ या शब्दाबाबत

मी, घड्याळं दुरुस्त करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे स्वखुशीने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. दबाव कोणाचाही नाही. परवा, गुरुवारी, माझी छाती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही; तेव्हापासून मला घास गिळवत नाही.

कलम १. राहतं घर धाकट्या बहिणीला. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. मला दादा म्हणते आणि माझं एक ऐकत नाही. तिने हे घर सोडून कुठेही जाऊ नये. कारण कलम ४ मध्ये आहे.

कलम २. चिमटे, पेचकस आणि टेबलाचा दिवा पुतण्याला. माझं चांगलं भिंग समोरच्या चष्मेवाल्याने अकरा वर्षांपूर्वी "उद्या देतो" म्हणून नेलं. ते मी त्यालाच देतो, म्हणजे निदान चोरीचं तरी राहणार नाही.

कलम ३. शब्दांची वही बहिणीला. तीस वर्षं दर रविवारी दुपारी आम्ही अक्षरांच्या चकत्या मांडून इंग्रजी शब्द जुळवतो. घरचा नियम असा, की पटावर डिक्शनरी आणायची नाही; वहीत असेल तो शब्द खरा. झॅक्स म्हणजे छपराच्या दगडी पाट्या तासायचं हत्यार. क्यू-आय म्हणजे प्राणशक्ती. क्यू गळ्यात पडला की हाच तारतो. ए-आय म्हणजे तीन बोटांचा एक अतिशय आळशी प्राणी. त्यापुढे बहिणीने लिहून ठेवलंय, "पाहा: दादा".

कलम ४. हे लिहिणं भाग आहे. चार वर्षांपूर्वी एका रविवारी मी हरत होतो. मी क्वेल्झ असा शब्द लावला आणि वहीत अर्थही लिहिला: बंद पडलेल्या घड्याळाची कानात उरलेली टिकटिक. असा शब्द जगात नाही. बहिणीने शंका घेतली नाही, कारण वही माझी होती.

पुढच्या वर्षी याच खेळाच्या क्लबच्या अंतिम सामन्यात तिने तोच शब्द लावला. पंचांनी खोडला, लोक हसले. ती तडक माझ्याकडे आली. "दादा, मी तुझ्या वहीत वाचलाय." ती दुकानाचा जिना चढेपर्यंत मी ते पान फाडलं होतं. तिने वही तीनदा चाळली आणि म्हणाली, "मग माझंच डोकं चाललं म्हणायचं." मी समोरच्या घड्याळात डोकं घातलं. त्यानंतर घरभर तिच्या चिठ्ठ्या लागल्या: गॅस बंद केला का, किल्ली घेतली का. गेल्या आठवड्यात तिने स्वतःसाठी वृद्धाश्रमाचा अर्ज आणला. पान दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या पाठीमागे आहे. मी गेल्यावर ते तिला द्यावं.

इथवर वाचून, साक्षीच्या सहीला बोलावलेल्या शेजारच्या शिंप्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "मेल्यावर माफी मागणार होय? आधी तिला सांग, मग माझी सही घे." दुसरा साक्षीदार, दवाखान्यातला कंपाउंडर, त्यानेही मान हलवली. मी बहिणीला हाक मारली. कलम ४ तिला वाचून दाखवताना दोनदा पाणी प्यायलो.

ती स्टुलावर बसली. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नाही."

"पान होतं?"

"होतं गं."

ती पदराने तोंड झाकून खूप वेळ रडली. मग उठून घड्याळ उतरवलं, पान काढलं, वहीत डिंकाने चिकटवलं आणि शाळेतल्यासारखं लाल शाईने खाली लिहिलं, "चूक." अर्ज फाडला. जिन्यावरून म्हणाली, "तीन वर्षं, दादा. तीन वर्षं मी स्वतःला घाबरून जगले. एवढ्यात सुटशील असं समजू नकोस. बरा होऊन ये, मग बोलते तुझ्याशी."

कलम ५. कलम ४ ची आता गरज नाही, तरी ते खोडू नये. वही बहिणीने खाली घरी नेली आहे. गुरुवारी मला परत यायचं आहे, हे डॉक्टरांनी ध्यानात घ्यावं.

ठिकाण: दुकानाचा बाक
दिनांक: १४, मंगळवार, दुपार

सही: घड्याळवाला
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी २. दवाखान्यातला कंपाउंडर