पडद्याची दोन्ही टोकं

४ जाने. ७४, शुक्र.
बाराच्या शोला रीळ बदलायची खूण हुकली. चौथं रीळ संपत आलेलं, मी केबिनच्या भोकातून पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर नजर लावून उभा. ठिपका आलाच नाही. आला असणार, मला दिसला नाही. दुसरं मशीन सुरू करायला उशीर झाला आणि पडदा पांढराफटक. खाली शिट्ट्या, खुर्च्या आपटणं. गुलाबराव, माझा जोडीदार ऑपरेटर, नेमका रजेवर. बहिणीकडे रामटेकला.
मालक स्वतः जिना चढून वर आले. "काय झालं, नामदेव?"
"दुसऱ्या मशीनच्या दिव्याचा कार्बन पेटला नाही, भाऊसाहेब."
मान हलवून गेले. अठरा वर्षांत मशीनवर खोटं कधी ढकललं नव्हतं.

९ जाने.
भा.सा.नी ऑफिसात बोलावलं. चहा मागवला, म्हणजे काम मोठं. सीताबर्डीच्या टॉकीजला रुंद पडदा लागला. त्या मापाचे, स्कोपचे पिक्चर आपल्याकडे द्यायला वितरक तयार नाहीत. दोन रस्ते आहेत म्हणाले. बाजूचे बसायचे दोन्ही बॉक्स पाडून भिंत ते भिंत नवा पडदा. नाहीतर जुना चौकोनी पडदा तसाच, फक्त लेन्स आणायची. चित्र पूर्ण येईल, पण वर-खाली काळं, मध्ये लांबट पट्टी.
"मले त जुनाच बरा वाटते. तोडफोड कोण करन? पण तू सांग. तुझ्याइतका हा पडदा कोणी पायला?"
आठ दिवस मागून घेतले.
जुना म्हणालो असतो तर तिथंच मिटलं असतं. जुन्या पडद्याची टोकं मला पाठ आहेत, मान कुठं किती वळवायची ते. तरी तोंडातून निघालं नाही.

१२ जाने., शनि.
धंतोलीत गेलो, डोळ्याच्या डॉक्टरकडे. घरी सांगितलं नाही.
एक काळा कपडा, एक काडी, काडीच्या टोकाला पांढरा मणी. समोर बघायचं, मणी दिसला की सांगायचं. बराच वेळ मी गप्प. मला वाटलं, त्यांनी अजून सुरूच केलं नाही. त्यांनी बरंच फिरवून झालं होतं.
कागदावर दोन लहान गोल काढून दाखवले. एवढं उरलं आहे. नळीतून पाहिल्यासारखं. नळी हळूहळू बारीक होत जाणार. औषध नाही, चष्म्याचा उपयोग नाही.
"संध्याकाळी चालताना ठेचा लागतात?"
लागतात. मला वाटायचं सगळ्यांनाच लागतात.
"घरात आणखी कोणाला असं होतं? वडिलांना?"
हे रक्तातून पुढे जातं. मुलीला घेऊन या म्हणाले. तेरा वर्षांची आहे हे मीच आधी सांगून बसलो होतो.

१३ जाने.
बाबा.
धम्मदीक्षेच्या आदल्या वर्षी गेले. दिवे लागायच्या वेळी, गावच्या विहिरीत. गाव म्हणालं, पिऊन होता. संध्याकाळी धडपडायचे, लोकांच्या अंगावर जायचे, सगळ्यांनी पाहिलेलं. आई सांगत राहिली, त्याच्या तोंडाले कधी वास नव्हता. कोणी ऐकलं नाही. मीही नाही. एकोणीस वर्षांचा होतो, मला लाज वाटायची. पाहुण्यांत विषय निघाला की मी उठून जायचो.
आई तेच सांगत सांगत गेली.
आज कोणाला सांगू?

१५ जाने.
सीताबर्डीला सकाळचा शो पाहिला. गु.राव सोबत. म्हटलं, मत द्यायचं तर आधी बघून घेऊ.
पडदा केवढा. एका टोकाला नायक बोलतो आहे, त्याला उत्तर देणारी बाई मला सापडेना. आवाज येतो, बाई नाही. मान वळवली, ती सापडली, तोवर तो गेला.
"मान काहून हालवून राहिला गा?" गु.राव म्हणाला.
मग सांगितलं. अंधारात बसून बोलणं सोपं गेलं. डॉक्टर, गोल, सगळं. तो पडद्याकडे बघत होता.
"मले मालूम हाय," म्हणाला. "दोन वर्ष झाले. ठिपका मी पायतो नं. तुझ्या खांद्यावर हात ठेवतो तो काय उगीच?"
त्याची सवय समजत होतो मी ती. रीळ बदलायच्या वेळी त्याचा हात खांद्यावर यायचा, मी स्विच ओढायचो. मी ठिपका पाहून ओढतो आहे असं मला खरंच वाटायचं.
"बोलला काहून नाही?"
"काय बोलू गा."
पिक्चर संपला. बाहेर उजेडात आल्यावर तोच म्हणाला, "जुना सांग मालकाले. मी हावो."

१६ जाने.
कमलला सांगितलं. भाकरी थापत होती, थापतच राहिली.
"मंग जुनाच सांगा. सुशीच्या लग्नापर्यंत त निभन."
सुशीला डॉक्टरांनी बोलावलं आहे म्हणालो. तेव्हा हात थांबले.
"काहून? औषध हाये का?"
"नाही."
"मंग काहून नेता? माहीत पडून काय होते? आज घराले माहीत पडन, उद्या मोहल्ल्याले. कोण करन तिले?"
"जपता येईल तरी."
"ते धडपडते कारण का तिचं ध्यान नसते. बाकी काही नाही." मग हळूच, "तुमी तिले तुमच्यात ओढू नका."


१८ जाने., शुक्र.
सांगून आलो. मोठा लावा म्हणालो.
रात्रभर जुन्याची कारणं जमवली होती, तोडफोड, खर्च, बॉक्समधले जुने गिऱ्हाईक. ऑफिसात उभा राहिल्यावर भा.सा.नी सरळ विचारलं, "पब्लिकच्या डोळ्यांनी सांग, कोणता?" लांबट पट्टी लावली तर बाल्कनीतून चेहरेसुद्धा दिसणार नाहीत. लोक एकदा येतील, मग सीताबर्डीला जातील. डोअरकीपर, पोस्टर लावणारे, कँटीनवाला, सगळे याच टॉकीजवर. त्यांनी पडद्याचं विचारलं होतं, माझं नाही.
खूश झाले. "मंग पहिला शो तूच लावायचा."
तेव्हा बाकीचंही सांगितलं. त्या दिवशी कार्बन ठीक होता, हेही.
बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे सरकवत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "डोअरवर राहशील?"
"अंधारात नाही जमणार, साहेब."
"हो. ते बी खरं." मग, "बुकिंगच्या खिडकीत बस. तिथं बल्ब हाय."
हो म्हणालो. आभार मानायचे राहिले.
गु.राव तीनच्या शोभर बोलला नाही. शेवटचं रीळ लागल्यावर म्हणाला, "मले विचारलं त असतं." रीळ बदलायच्या वेळी खांद्यावर हात मात्र ठेवला.

११ फेब्रु.
टॉकीज बंद. बॉक्स पाडून राहिले. जुना पडदा आज उतरवला. मागून पाहिला तर धुरानं पिवळा, मधोमध शिवण. एवढी वर्षं समोरून कधी दिसली नव्हती. भा.सा. म्हणाले, घेऊन जा पाहिजे तर. नको म्हणालो. एवढा कपडा घरात ठेवू कुठं?
कमल अजून कामापुरतं बोलते.

१५ मार्च, शुक्र.
नव्या पडद्याचा पहिला शो. हाउसफुल. केबिनमध्ये गु.राव आणि कामठीहून आलेला नवा ऑपरेटर. मी खिडकीत. जाळीतून हात येतो, मी तिकीट फाडून देतो, हात जातो. चेहरा बघायचा तर वाकावं लागतं. वाकलो नाही.
शो सुरू झाला आणि आतून लोकांचा आवाज आला, मोठा श्वास घेतल्यासारखा. चित्र पूर्ण उघडलं असणार. दोन्ही टोकं सारखी साफ आली का, बघावं वाटलं. मग आठवलं, बघून मला कळणार नाही. मध्यंतरात गु.राव खाली आला, विचारलं त्याला.
"डावीकडं फोकस जरा मऊ होता. केलं ठीक."
"मी असतो तर?"
त्याने चहा पुढे केला.

२६ मार्च
संध्याकाळी सुशी शिकवणीहून येताना गल्लीतल्या उभ्या ठेल्यावर आदळली. कपाळाला तीन टाके. रोजचाच ठेला, रोजच्या जागी. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "वर पाहून चालतात आजकालच्या पोरी. मस्ती येते अंगात."
कमल तिच्याशी भांडेल वाटलं. ती वळली. आत येऊन सुशीच्या केसांतलं रक्त ओल्या फडक्यानं पुसत बसली. मला म्हणाली, "तुमच्या बाबाले बी लोक असेच बोलत होते नं?"
मी बाबांचं तिला आजवर एकदाच सांगितलं होतं, लग्नाआधी, ते पिऊन गेले म्हणून.
आज खरं सांगितलं.

२९ मार्च, शुक्र.
भा.सा.ना विचारून उद्याची सकाळ मोकळी घेतली.
सुशीला थोडं सांगितलं आहे. सगळं नाही. तिने विचारलं, "बाबा, तिथं काय विचारतात?"
"काळ्या कपड्यावर पांढरा मणी फिरवतात. दिसला की सांगायचं."
"आन नाही दिसला त?"
"नाही दिसला म्हणायचं. अंदाजानं हो म्हणायचं नाही. मी लय वर्षं तसंच केलं."
टाक्यांपाशी खाजवत विचार करत बसली. मग म्हणाली, "मले त सगळं दिसते, बाबा."
मलाही दिसत होतं.
कमलने तिचा शाळेचा फ्रॉक इस्त्री करून खुंटीला लावला आहे. ती स्वतः येणार का, विचारायचं धाडस झालं नाही. आताच म्हणाली, "मी बी येतो. पण आत तुमी जा तिच्यासंग. मले बाहेर बसू द्या."
साडेनऊला बोलावलं आहे.