पायरीवरचा डबा

५ फेब्रुवारी
खोली मिळाली. खाली दवाखाना, वर आम्ही दोघी, वन्सं आणि मी. जिना मागच्या बाजूने, त्याच्या तळाशी एक दगडी पायरी. घर बरोबर दोन आळ्यांच्या मध्ये – एक खिडकी वरच्या आळीकडे, एक खालच्या. आम्ही सामान चढवत होतो तेव्हा दोन्हीकडचे पडदे हलले.

किल्ल्या देणारी बाई वरच्या आळीतली. साठीच्या पुढची. दवाखान्याची झाडलोटही तीच करते. हसली नाही. दुसरी किल्ली माझ्याकडेच राहील, म्हणाली. वन्सं मला म्हणतात, "राहू दे. आपल्याकडे कुलपात ठेवण्यासारखं काय आहे? तुझं तोंड? ते तर कायमच बंद."

७ फेब्रुवारी
इथली रीत कळली. दोन आळ्यांत बोलणं नाही, जाणं-येणं नाही. लग्नाला नाही, मयतालाही नाही. मुळात काय झालं होतं ते जो तो वेगळं सांगतो. आम्हाला ठेवायचं की परत पाठवायचं, ते दोन्हीकडची मोठी माणसं महिनाअखेरीस ठरवणार.

इथल्या म्हाताऱ्यांच्या सेवेला आम्हाला धाडताना चर्चच्या पाळकसाहेबांनी बजावलं होतं, "कुणाची बाजू घेऊ नका." म्हणून सकाळी वरची आळी, दुपारी खालची. खायचा पावसुद्धा आलटून पालटून दोन्हीकडून घेतो. वन्सं म्हाताऱ्यांच्या जखमा बांधतात, मी अंग पुसते, नखं कापते, चादरी बदलते.

वन्संना परत जायला घर आहे. हे गेल्यावर मला क्वार्टर सोडावं लागलं. इथून घालवलं तर कुठे जाणार, त्याचा विचार करत नाही.

११ फेब्रुवारी
सकाळी पायरीवर डबा. झाकण लावलेला, कोमट. आत काहीतरी मऊ शिजवलेलं, बिनतिखटाचं. कोणी ठेवला, का ठेवला – पत्ता नाही. वन्संनी वास घेतला. "जन्मभर नर्सची नोकरी केलीय मी. लोक एकमेकांच्या पोटात काय काय घालतात ते पाहिलंय. ओत."
ओतला.

१२ फेब्रुवारी
डबा रिकामा कसा परत द्यायचा? सासूबाईंनी कधी दिला नाही. घासून, पुसून चिमूटभर साखर घातली नि होता तिथे ठेवला. दुपारी पाहिलं तर नेलेला.

१४ फेब्रुवारी
पुन्हा डबा. पुन्हा ओतला, पुन्हा साखर. किल्लीवाली झाडता झाडता आमच्या कचऱ्याच्या बादलीत वाकून बघत होती. मी खिडकीतून पाहिलं. वन्संना सांगितलं. "मी म्हटलंच होतं," म्हणाल्या. म्हटलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी
डबा पायरीवर तसाच. साखरेला मुंग्या.

१७ फेब्रुवारी
खालच्या आळीत, टोकाच्या घरात एक म्हातारी. आम्ही आलो त्याच आठवड्यात अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा. शेजारीण पाणी देते, बाकी कोणी नाही. विचारलं, "तुमचं माणूस कोण?" तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "तुम्ही वर राहता ना, जिन्यावर?" बस, एवढंच. कुणासाठी विचारते कोण जाणे.

१९ फेब्रुवारी
आज वन्संनी डबा उचलला आणि दारोदार निघाल्या. "चांगलं भांडं आहे. कुणीतरी हळहळत असेल." मी मागे मागे.

वरच्या आळीतला शिंपी म्हणाला, "खालच्यांनी बरं पोसलंय तुम्हाला." खालच्या आळीतल्या पाववाल्याने पाव दिला नाही. "वरच्यांचं खाता आणि इथे चौकशा करता?" किल्लीवालीच्या दारातही गेलो. डब्याकडे पाहिलं न पाहिलं, "माझा नाही," म्हणाली नि दार लावलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

वन्संची खात्रीच पटली. "पाळतीवर आहे ती. तिनेच ठेवला, आपण काय करतो ते बघायला." मलाही तसंच वाटतं. खोलीची कडी आता दिवसाही लावतो.

२१ फेब्रुवारी
दवाखान्यात कोणी आलं नाही.

२४ फेब्रुवारी
म्हातारी गेली, दुपारी. मी पाठ पुसत होते. मान माझ्या हातावर होती, ती जड झाली. वन्सं शेजारणीला बोलवायला गेल्या. तोवर मी एकटीच बसले तिच्याजवळ. ह्यांच्या वेळी मला बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलं होतं – तुला सोसायचं नाही म्हणून. सोसतं.

अंघोळ घातली. कपाटात नवे लोकरी मोजे होते, ते घातले.

२७ फेब्रुवारी
निकाल. खालची आळी म्हणते राहू द्या, म्हातारीचं केलंत. वरची आळी म्हणते, डबा कुणाचा ते परवाच्या बैठकीत सांगा, नाहीतर सामान बांधा. वन्सं चिडल्या. "भांडं परत करायला निघालो आणि चोर ठरलो! मी तर बांधतेच." मी नाही बांधलं.

२८ फेब्रुवारी
सकाळी दारावर टकटक. किल्लीवाली. किल्ली असून दार वाजवलं. वन्संनी कडी काढली नाही, मी काढली.

उभ्या उभ्याच बोलली. "डबा माझा. खालच्या आळीत तुमच्या हातात गेली, ती धाकटी बहीण माझी. ही खोली बंद असायची तेव्हापासून तिच्यासाठी पायरीवर ठेवते. पहाटे काठी टेकत यायची, खायची, डबा इथेच सोडून जायची. डबा रिकामा दिसला की मी समजायचे, हिंडती-फिरती आहे. बादलीत माझं अन्न दिसलं तेव्हा कळलं, ती येतच नव्हती."

वन्संनी डबा आणून तिच्यापुढे ठेवला.

"उद्या बैठकीत सांगते मी. आता मला कसली भीती. तुम्ही राहा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढंच सांगा ताई. शेवटी तिला कुणी धरलं होतं का?"

मी म्हटलं, मी.

तिने माझे दोन्ही हात ओढून घेतले. किती तरी वेळ सोडलेच नाहीत.