तोट्यासाठी घेतलेलं घर

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही. लढाईच्या त्या वर्षांत तुमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी चालायची. ओव्हरटाइमने पगार वाढला तसा करही वाढला, आणि तेच तुम्हाला खुपलं. कुणीतरी सुचवलं म्हणून तुम्ही कर्ज काढून शहरातल्या ओमती भागात दोन खोल्यांचं घर घेतलं आणि भाड्याने दिलं. भाड्यापेक्षा व्याज जास्त. तो तोटा पगारातून वजा दाखवायचा, की कर कमी. जेवताना तुम्ही हे आम्हाला मोठ्या कौतुकाने समजावून सांगायचात. हप्त्यापायी घरातलं दूध निम्मं झालं होतं, आणि आईचं दम्याचं औषध एका महिन्याआड येऊ लागलं होतं.

एकदा भाडेकरू घर सोडून गेला. आई आणि मी झाडझूड करायला गेलो. फॅक्टरीने दिलेल्या आपल्या क्वार्टरच्या भिंतींना बारा महिने ओल; इथे स्वयंपाकघरात स्वच्छ ऊन पडलेलं. आईने शेजारून स्टोव्ह मागून आणला, चहा केला आणि भिंतीला टेकून बसली. "इथं श्वास कसा मोकळा येऊन राहिला," ती म्हणाली. तेवढ्यात तुम्ही नव्या भाडेकरूला घेऊन दारात उभे. आईने हळूच विचारलं, "आपणच काहून नाही राहत इथं?"

"अच्छा, म्हणजे करातली सूट घालवायची?" त्या परक्या माणसासमोर तुम्ही म्हणालात. "उठ. ये घर रहने के लिए नहीं है."

आई उठली. कप धुतले, स्टोव्ह परत देऊन आली. तुमच्यासमोर तिने त्या घराचं नाव पुन्हा काढलं नाही. दोन हिवाळ्यांनंतर ती त्याच ओल्या क्वार्टरमध्ये वारली.

पुढे मी लोकांची करविवरणं भरायचं काम शिकले, तेव्हा लक्षात आलं की चार आणे कर वाचवण्यासाठी तुम्ही दरसाल रुपया घालवत होता. भाव वाढेल म्हणायचात, वाढलाही. घर विकून आलात, पेढे वाटलेत. मी पेढा घेतला नाही, तर महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. त्या दिवशी त्या घरातून परतताना आईने मला विचारलं होतं, "तू गणितात हुशार आहेस. सांग, यांचं बरोबर आहे का?" घरी येऊन मी वहीत आकडे मांडले आणि तिला म्हटलं, "हो, बाबांचं बरोबर आहे." हिशेब मला नीट कळलाच नव्हता. तुम्ही शेजारच्या खोलीत होता, आणि तुम्हाला ऐकू जावं म्हणून मी ते जरा मोठ्याने म्हटलं होतं.