भिंगरीच्या डोळ्यातलं हवामान

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या वेधशाळेच्या डोंगरावर फोन लागत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. आमच्या भिंगरीचा डावा गुडघा बरेच दिवस सुजलाय. आधी वाटलं, कुठेतरी पडली असेल. पण सकाळी उठली की पोर पलंगावरच बसून राहते, पाय सरळ होत नाही. मग लंगडायला लागते आणि दुपारी पाहावं तर घरभर हुंदडत असते. दुखतं का विचारलं, तर नाही म्हणते.

डॉक्टरीणबाईंनी संधिवात सांगितला. मी म्हटलं, तो तर म्हाताऱ्यांचा आजार, हिला आत्ता कुठे चौथं वर्ष लागलंय. त्या म्हणाल्या, मुलांनाही होतो आणि तऱ्हेतऱ्हेनं होतो. कुणाचे बरेच सांधे धरतात, अगदी बोटांचेसुद्धा. कुणाला रोज ताप चढतो, अंगावर पुरळ उठतं आणि ताप उतरला की ते पुसल्यासारखं जातं. आपल्या भिंगरीचा मोजक्या सांध्यांचा. शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यावर उलटलीय म्हणे. का, ते कुणालाच नीट ठाऊक नाही.

आता डोळे तपासून आणा म्हणतात. गुडघ्याचा नि डोळ्यांचा काय संबंध? माझ्या हातून पडलेली टाचणी हीच तर शोधून देते. नव्या नाटकाचे ढीगभर पोशाख शिवायचेत. प्रयोग झाला की बघू.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी
ठमी

२० जानेवारी

चि. ठमीस,
अ. आ.

पत्र वाचलं आणि ताट सारून लिहायलाच बसलो. लहानपणी दाढदुखी लपवून तू गाल टम्म फुगवून बसली होतीस, ते मी विसरलेलो नाही. डॉक्टरीणबाई उगाच सांगणार नाहीत. तुझ्या नाटकातले राजा-राणी उघडे फिरले तरी चालेल, तू आधी डोळे दाखवून ये. नाहीतर रजा काढून तिकडे येईन आणि माझं घोरणं ऐकत बसावं लागेल.

पोरीला पापा. पत्राची वाट बघतो.
तुझा
दादा

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. अंधाऱ्या खोलीत भिंगरी तिच्या बाबांच्या मांडीवर, हनुवटी यंत्रावर टेकवून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रकाशाची बारीक पट्टी तिच्या डोळ्यात सोडली आणि दोन्ही डोळे पुन्हा पुन्हा तपासले. त्याच आजारानं दोन्ही डोळ्यांना आतून सूज आहे. लाली नाही, दुखणं नाही. मूल तक्रार करत नाही आणि नजर हळूहळू जाते. वेळेत आलात, म्हणाले.

मग त्यांनी बाजूच्या भिंगातून मला बघू दिलं. दादा, कसं सांगू? काळोखात धुकट उजेडाचा पट्टा आणि त्यात चांदीचे कण तरंगतायत. बुबुळाजवळचे वर चढतायत, डोळ्याच्या बाहेरच्या काचेसारख्या पडद्याजवळचे खाली उतरतायत. आतलं पाणी कोमट, बाहेरच्या बाजूचं गार, म्हणून ते असं फिरत असतं. तुझ्यामाझ्या डोळ्यातही, जन्मभर. कण मात्र आजाराचे. मी भ्याले होते, तरी नजर काढवेना.

औषधं सुरू केलीत. आमच्यावर लक्ष असू दे.
तुझी
ठमी

१० फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ.

तुझं पत्र खिशातच घेऊन फिरतोय. तापलेली हवा वर, गार हवा खाली, त्यातून वारे आणि ढग: सगळी नोकरी हेच टिपण्यात गेली. तेच सगळं पोरीच्या डोळ्यात, मसुराच्या दाण्याएवढ्या जागेत चाललंय. काल दरीतून धुकं वर चढताना बघत उभा राहिलो आणि नोंद करायचीच राहिली.

औषध एकही चुकवू नकोस. तुझ्यावर भरवसा आहे.
तुझा
दादा

२८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डोळ्यांत घालायच्या थेंबांवरून रोजची रडारड आणि आठवड्यातून एकदाच्या औषधाची कुरकुर, अशी उन्हाळापावसाळा आमची लढाई चालली. पण परवा सकाळी मी चहा टाकत होते, तर ही उठल्या उठल्या, न लंगडता, एकटी चालत स्वयंपाकघरात आली आणि दूध मागितलं. चहा बाजूला ठेवून मी आधी तिचं दूध तापवलं.

काल डोळे दाखवले. दोन्ही शांत आहेत. औषध नि तपासण्या चालूच राहणार, आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. पण आत्ता शांत आहेत.

डॉक्टर दर वेळी तिला तुझ्या डोळ्यातली बाहुली दाखव म्हणतात, पण काल तपासून झालं तरी भिंगरी उठेचना. मला तुमची बाहुली बघायची, असा हट्ट धरला. डॉक्टरांनी खरंच तिच्या जागी बसून हनुवटी टेकवली आणि तिला भिंगाशी उभं केलं. ती पुष्कळ वेळ बघत राहिली. मग कुजबुजली, बाहुली श्वास घेतेय. मी हसले, डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, खरंच आहे, डोळ्याची बाहुली क्षणभरही स्थिर नसते, सारखी लहानमोठी होते. माझी अशी आजवर कुणी पाहिली नव्हती. आणि मान न हलवता तसेच बसून राहिले, तिचं बघून होईपर्यंत.

तुझी आठवण येते. आमच्यावरचा जीव आटू देऊ नकोस.
तुझी
ठमी